पुणे १८९७: सोजिरांविरुद्ध न नोंदलेल्या तक्रारी

१३ मार्च ते १९ मे १८९७ या काळात पुण्यात लष्कर लावून प्लेगची घरझडती चालली. सरकारी हिशेबानुसार या सव्वादोन महिन्यांत २,१८,२१४ घरं तपासली गेली आणि त्यांत प्लेगचे ३३८ रुग्ण व ६४ मृतदेह सापडले. हा घरांचा आकडा पुण्यातल्या एकूण घरांपेक्षा कितीतरी मोठा आहे, कारण त्याच पेठा पुन्हापुन्हा झाडल्या गेल्या. रुग्ण आणि मृतदेह एकत्र धरले तरी साधारण साडेपाचशे घरांत शिरल्यावर एक सापडला, असा हिशेब निघतो.

याच मोहिमेच्या अधिकृत अहवालात आणखी एक विधान आहे. एखाद्या स्त्रीच्या अब्रूवर हेतुपुरस्सर घाला घातल्याची एकही विश्वसनीय तक्रार प्लेग समितीकडे किंवा शिपायांवरच्या अधिकाऱ्यांकडे आली नाही, आणि समितीला याचं मोठं समाधान वाटतं, अशा अर्थाचं ते विधान. त्याच वेळी पुण्यातली वर्तमानपत्रं, सभांचे अर्ज आणि ओट्याओट्यांवरचं बोलणं सोजिरांच्या, म्हणजे गोऱ्या शिपायांच्या, कृत्यांनी भरून वाहत होतं. चोऱ्या, मोडतोड, देवघरात बुटांसकट शिरणं, बायकांना रस्त्यावर उभं करून तपासणं, आणि त्याहून वाईट.

एवढं बोललं जाणाऱ्या शहरात सरकारच्या वहीत शून्य कसा उमटला, या प्रश्नापुरतं हे प्रकरण मी इथे उलगडतो आहे. माझं मत आधीच सांगतो: तो शून्य शिपायांच्या वागणुकीतून आला नव्हता, तो मोहिमेच्या रचनेतून आला होता. याचा अर्थ प्रत्येक आरोप खरा होता असा नव्हे. पण आरोप खरा की खोटा हे ठरवायची जागाच ज्या व्यवस्थेनं ठेवली नाही, तिचा शून्य पुरावा म्हणून वापरता येत नाही.

आधी मोहीम कशी उभी राहिली ते पाहू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हिवाळ्यात तो रेल्वेनं पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा सरकारला वाटेल ती उपाययोजना करायची मुभा देत होता. फेब्रुवारीत शहरातला मृत्युदर नेहमीच्या दुपटीवर गेला आणि ज्यांना शक्य होतं ते गाव सोडून निघाले. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेगनंच १० मार्चला गेल्या. झडती सुरू झाली ती त्यानंतर तीनच दिवसांनी.

मुंबई सरकारनं पुण्यासाठी खास प्लेग समिती नेमली. अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड, सोबत एक कर्नल आणि एक लष्करी डॉक्टर. रँड साताऱ्याहून आला होता. वाईत मिरवणुकीतल्या वाद्यांवरून झालेल्या प्रकरणात तिथल्या प्रतिष्ठित ब्राह्मणांना तुरुंगात धाडणारा अधिकारी म्हणून त्याचं नाव पुण्याला आधीच ठाऊक होतं. १२ मार्चला ८९३ अधिकारी आणि शिपाई प्लेगच्या कामावर घेतले गेले. त्यांत गोरे होते, देशीही होते. नेतृत्व डरहॅम लाइट इन्फन्ट्रीच्या मेजर पॅजेट यांच्याकडे. पथकांमध्ये गोऱ्यांचा भरणा आणि जोडीला एखादा देशी शिपाई अशी सर्वसाधारण मांडणी.

गोरे शिपाईच का? समितीचं उत्तर असं की देशी माणूस जातभाईंपुढे नमेल, लाच घेईल, रुग्ण लपवायला मदत करेल. गोरा शिपाई शिस्तीत राहील आणि कुणाच्या ओळखीला बधणार नाही. ज्याला शहर ओळखत नाही आणि जो शहराला ओळखत नाही, असा माणूस मुद्दाम निवडला होता. गुन्ह्याच्या दृष्टीनं याचा अर्थ काय होतो, हे कागदावर योजना आखणाऱ्यांच्या लक्षात आलं नसेल असं मानणं कठीण आहे. चोर कोण, हे सांगायला आधी चेहरा ओळखता यावा लागतो. खाकी कपड्यातल्या तिघा-चौघा लालबुंद चेहऱ्यांपैकी कुणी कपाट उघडलं, हे शनिवार पेठेतल्या बाईनं कसं सांगायचं?

पुणे इंग्रजांकडे गेलं ते नोव्हेंबर १८१७ मध्ये. त्यानंतर ऐंशी वर्षं फौज होती, पण ती लष्करात, म्हणजे कँपात. पुणेकर अजूनही त्या भागाला ‘लष्कर’ म्हणतात ते त्यामुळेच. शहर आणि लष्कर ही दोन गावं असल्यासारखी नांदत होती. सोजीर दिसायचा तो कवायतीच्या मैदानावर किंवा दारूच्या दुकानापाशी. पेठेत त्याचं काही काम नसे. मार्च १८९७ मध्ये ही हद्द पुसली गेली. जिंकणारी फौज ऐंशी वर्षांनी पहिल्यांदा माजघरापर्यंत आली. या शहराला आपण जिंकलेले आहोत याचा विसर पडला असलाच, तर तो त्या महिन्यात संपला.

आता आरोपांकडे. ते सगळे एका पोत्यात भरले जातात आणि तिथेच घोळ होतो. प्रत्येक प्रकारच्या आरोपाचं पुराव्याच्या बाबतीत वेगळं भवितव्य होतं.

चोरीचं आधी घेऊ, कारण ती सगळ्यांत सोपी दिसते आणि शाबीत करायला सगळ्यांत अवघड ठरली. रुग्ण सापडला की त्याला संगमाजवळच्या इस्पितळात नेत, घरच्यांना शहराबाहेर सेग्रिगेशनमध्ये, म्हणजे विलगीकरणाच्या छावणीत, पाठवत. घर रिकामं होई. मग दुसरी तुकडी येई: जमीन उकरायची, औषधी पाणी मारायचं, भिंतींना चुना फासायचा, दूषित वाटेल ते सामान बाहेर काढून जाळायचं. काय दूषित आणि काय नाही, हे ठरवणार हजर असलेला शिपाई. काढलेल्या वस्तूंची मालकासमोर केलेली यादी नाही, कारण मालक छावणीत. काही दिवसांनी कुटुंब परततं तेव्हा अंगणात राख असते आणि फडताळ मोकळं असतं. त्या राखेत शालू गेला की कुणाच्या पिशवीत गेला, हे देवालाही सांगता आलं नसतं. चांदीचं भांडं जळत नाही, हे खरं. पण ते घरात होतं हे दाखवायला कागद कुठून आणायचा? पुणेरी घरात दागिन्यांची पावती ठेवायची पद्धत नव्हती. ठेवा सांगायचाच नाही ही पद्धत होती.

म्हणजे सरकारी हुकमानं जे जाळलं जात होतं, त्याच्या आड जे पळवलं जात होतं ते पूर्ण झाकलं जात होतं. यात एकाही शिपायाला हुशारी करावी लागत नव्हती. कुठल्याही देशातली कुठलीही पलटण अशा रिकाम्या, उघड्या घरांत रोज सोडली असती, तर काही हात लांब झालेच असते. इंग्रज सैन्यातला साधा शिपाई तेव्हा गरीब घरचा होता, त्याचा पगार तुटपुंजा होता, आणि बराकीतल्या किरकोळ चोऱ्यांसाठी त्यांच्याच अधिकाऱ्यांना सतत शिक्षा द्याव्या लागत. बराकीत चोरणारा माणूस बुधवार पेठेत शिरला की साधू होतो, असं समजायला काही कारण नाही.

देवघर आणि सोवळं यांचा प्रकार वेगळा. बूट घालून स्वयंपाकघरात शिरणं, देव्हाऱ्यातल्या मूर्ती हलवणं, टाकणं, फोडणं हे आरोप सर्वांत जास्त वेळा आले आणि सर्वांत कमी नाकारले गेले. पुढे रँडचा खून करणाऱ्या दामोदर चापेकरांनी दिलेल्या जबाबातही सूड का घेतला याचं कारण सांगताना घरझडतीतला जुलूम आणि देवस्थानांची विटंबना यांचाच उल्लेख आहे. भारतीय दंड संहितेत पूज्य वस्तूची विटंबना हा गुन्हा होता, कलम २९५. पण त्यात धर्माचा अपमान करण्याचा हेतू किंवा तशी जाण दाखवावी लागते. देव्हाऱ्यामागे रुग्ण लपवला आहे का ते पाहत होतो, एवढं म्हणणं शिपायाला पुरे होतं. आणि लोक खरोखर रुग्ण लपवत होते. माळ्यावर, कोठीत, कधी देवघरात. हे लपवणं मोहिमेच्या बाजूचं खरं कारण होतं, आणि तेच प्रत्येक धसमुसळेपणाचं समर्थनही बनलं.

तिसरा आरोप स्त्रियांविषयी. प्लेगची गाठ काखेत किंवा जांघेत येते. त्यामुळे तपासणी म्हणजे तिथेच हात आणि नजर. परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या बाईला दारात, कधी रस्त्यावर, गोऱ्या शिपायांच्या देखत हे सोसावं लागत असल्याच्या तक्रारी पुढाऱ्यांनी लेखी दिल्या. इथे कायद्याचा पेच सगळ्यांत विलक्षण होता. विनयभंगाच्या कलमात ज्याला गुन्हा म्हणावं तेच कृत्य तपासणीच्या नियमात कर्तव्य होतं. दोहोंतली रेघ फक्त त्या शिपायाच्या मनात, आणि फार तर त्याच्या हसण्यात होती. समितीच्या अहवालातला ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द नेमका इथे कामाला येतो. हेतू मान्य केला नाही की बाकी सगळं तपासणीच्या खाती जमा.

यांपलीकडचा, बलात्काराचा आरोपही शहरात कुजबुजत होता. त्याकडे येण्याआधी तक्रार करायची वाट कशी होती ते पाहायला हवं.

साथरोग कायद्याचं चौथं कलम असं, की या कायद्याखाली सद्भावनेनं केलेल्या किंवा करू पाहिलेल्या कुठल्याही गोष्टीबद्दल कुणाविरुद्ध दावा किंवा अन्य कायदेशीर कारवाई चालणार नाही. तिसरं कलम असं, की हुकूम मोडणारा दंड संहितेच्या कलम १८८ खाली गुन्हेगार. शिपाई आत येत असताना दार अडवलं तर गुन्हा, आत येऊन त्यानं काही केलं तर सद्भावना. सद्भावनेबाहेरचं कृत्य, म्हणजे चोरी किंवा अत्याचार, या कवचात बसत नव्हतं हे वकिलाला कळत होतं. पण ते सिद्ध करायचा भार घरमालकावर.

तक्रार द्यायची कुणाकडे? समितीकडे. म्हणजे ज्यांनी शिपाई धाडला त्यांच्याकडेच. कोर्टात जायचं ठरवलं, तर देशी न्यायाधीशांना गोऱ्यांचे खटले चालवू देणाऱ्या इल्बर्ट बिलाच्या गदारोळानंतर १८८४ साली झालेल्या तडजोडीनं गोऱ्या आरोपीला निम्मे तरी युरोपियन वा अमेरिकन असलेली ज्यूरी मागायचा हक्क होता. पुण्यातली गोरी ज्यूरी म्हणजे लष्करातली आणि क्लबातली मंडळी. साक्षीदार सगळे देशी. शिवाय तक्रारदार ज्या घरातून आला, त्या घरात उद्या पुन्हा तीच पलटण येणार होती. झडती एकदाच होऊन संपणारी नव्हती, ती आठवड्यानं परतणारी होती, आणि या एका गोष्टीनं किती तोंडं बंद केली असतील याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. घरात जरा कुणाला कणकण असली, तर ‘रुग्ण’ म्हणून कुणाला उचलायचं हा अधिकार पथकाच्याच बाजूला होता.

स्त्रीच्या बाबतीत तर सासरच माघार घ्यायचं. १८९७ सालच्या पुण्यात परक्या पुरुषाचा, त्यातून म्लेंच्छाचा स्पर्श झाल्याचं चारचौघांत कबूल करणं म्हणजे त्या बाईचं घरातलं स्थान संपणं. प्रायश्चित्तापासून टाकून देण्यापर्यंत काहीही होऊ शकत होतं. न्यायाधीशासमोर उभं राहून, दुभाष्यामार्फत, पुरुषांनी भरलेल्या खोलीत ते सगळं पुन्हा सांगायचं. तिच्या नवऱ्यानं, सासऱ्यानं, दिरानं ‘झालं गेलं, तोंडातून शब्द काढू नकोस’ असं म्हटलं असेल तर तो केवळ भेकडपणा नव्हता. त्यांच्या हिशेबात शिक्षा फक्त तिलाच होणार होती. आपल्याकडचे लेखक या प्रकरणात सगळा दोष सोजिरांवर आणि रँडवर टाकून मोकळे होतात. पण तो शून्य लिहिण्यात आपल्या घरांचाही हात होता, आणि ते लिहायला आपल्याला जड जातं.

तक्रारी मुळीच झाल्या नाहीत असंही नाही. सरदार घराण्यातले बाळासाहेब नातू झडतीच्या कामात देखरेखीसाठी पुढे आलेल्या नागरिकांपैकी होते. त्यांनी समितीच्या कानांवर गोष्टी घातल्या. डेक्कन सभेसारख्या संस्थांनी अर्ज केले. टिळक शहर सोडून न जाता पुण्यात राहिले, हिंदूंसाठी वेगळं इस्पितळ चालवायला मदत केली, आणि ‘केसरी’तून सरकारवर तसंच पळून गेलेल्या पुढाऱ्यांवरही टीका करत राहिले. प्लेगवर उपाय नकोत असं टिळकांचं म्हणणं नव्हतं. सोजीर नकोत, माणसांशी माणसासारखं वागा असं होतं. समिती काही गोष्टी सुधारत होती, पण तक्रारीचा मूळ साचा कायम राहिला: सांगणारा अतिशयोक्ती करणारा, आणि शिपाई शिस्तबद्ध.

यानंतर प्रकरण पुण्यातून थेट विलायतेत पोचलं. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. वय ३१. पुण्याहून स्नेह्यांची पत्रं येत होती आणि त्यांत सोजिरांच्या कृत्यांचे तपशील होते. २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या मेजवानीहून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली आणि लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. लंडनमध्ये लोक विचारू लागले की शांत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात हे घडलं कसं. गोखल्यांनी उत्तर दिलं. २ जुलैला ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये त्यांची मुलाखत आली. शिपाई लोकांच्या चालीरीती तुडवतात हे सांगून झाल्यावर त्यांनी त्यातली सगळ्यांत जड गोष्ट सांगितली: दोन स्त्रियांवर बलात्कार झाला, आणि त्यांपैकी एकीनं लाजेनं जीव दिला. रँड तेव्हा ससून रुग्णालयात शेवटचे श्वास घेत होता. दुसऱ्या दिवशी, ३ जुलैला तो गेला.

पार्लमेंटात प्रश्न झाले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप साफ फेटाळला. गोखल्यांपुढे आव्हान सरळ होतं: नावं द्या. आणि नावं नव्हती. म्हणजे पत्रं होती, पत्र लिहिणारी माणसं होती, पण त्यांनी ऐकलं ते दुसऱ्याकडून, आणि दुसऱ्यानं तिसऱ्याकडून. शिवाय रँडच्या खुनानंतर पुण्यात धरपकड सुरू होती. अशा वेळी ज्याचं नाव पुढे येईल तो सरकारच्या नजरेत कटाचा धागा ठरला असता. ‘आमची नावं घेऊ नका’ अशी विनवणी या मंडळींनी केली. जुलैअखेर गोखल्यांची बोट मुंबईला लागली तेव्हा पोलीस कमिशनर व्हिन्सेंट बोटीवरच त्यांना भेटायला गेले. मंडळी गप्प, पुरावा नाही, आणि गुरुस्थानी असलेले न्यायमूर्ती रानडे काय म्हणतील ही चिंता. ४ ऑगस्ट १८९७ च्या निवेदनात गोखल्यांनी आरोप मागे घेतला आणि गव्हर्नर, प्लेग समितीचे सभासद आणि प्लेगच्या कामावरचे शिपाई, सर्वांची बिनशर्त माफी मागितली.

ही माफी त्यांना आयुष्यभर चिकटली. पुण्यात त्यांना भित्रे म्हटलं गेलं, हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या अँग्लो-इंडियन पत्रांनी खोटारडे म्हटलं. मला ती माफी सभ्य वाटते. ज्या आरोपाला आपण साक्षीदार उभा करू शकत नाही, तो मागे घेणं हे सभ्य माणसाचंच काम. पण प्रकरण अभ्यासायचं तर त्या माफीत काय होतं ते काटेकोर वाचायला हवं. गोखले म्हणाले की मी सिद्ध करू शकत नाही. सरकारनं आणि पुढे कितीतरी लिहिणाऱ्यांनी वाचलं की असं काही घडलंच नाही. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि १८९७ च्या ऑगस्टमध्ये ते अंतर कुणालाच परवडणारं नव्हतं.

गोखल्यांच्या आरोपाआधी एका बाईनंही आवाज केला होता, तोही सरकारला अगदी अनपेक्षित बाजूनं. पंडिता रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, इंग्लंड-अमेरिकेत मान असलेल्या. पुण्यातल्या सनातन्यांशी त्यांचं उभं वैर. त्यांना सरकारविरोधी म्हणणं शक्य नव्हतं. मे महिन्यात मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रात त्यांचं पत्र छापून आलं. प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत एकट्यादुकट्या स्त्रियांची सुरक्षितता किती पोकळ आहे, हे त्यांनी शारदा सदन या आपल्या आश्रमातल्या एका मुलीच्या उदाहरणानं मांडलं होतं. त्यांचा रोख सोजिरांपेक्षा तिथल्या व्यवस्थेवर होता. गव्हर्नरनं तेही दिशाभूल करणारं म्हणून मोडीत काढलं. टिळकांचं ऐकायचं नाही कारण ते राजद्रोही, गोखल्यांचं नाही कारण ते परदेशात होते आणि ऐकीव सांगतात, रमाबाईंचं नाही कारण त्या भावनेच्या भरात लिहितात. कुणाचं ऐकलं असतं, हे शोधायचा प्रयत्न मी केला. मला त्या सरकारी पत्रव्यवहाराच्या सुरात असा माणूस बसवता आलेला नाही.

मग खरं काय? किरकोळ आणि मोठ्या चोऱ्या, वस्तूंची नासधूस, उद्धट अंगस्पर्श, देवघरांची हेळसांड हे व्यापक प्रमाणात झालं, याबद्दल मला शंका नाही. एकमेकांशी पटत नसलेल्या इतक्या माणसांनी ते स्वतंत्रपणे सांगितलं. मवाळ, जहाल, सनातनी, ख्रिस्ती, सगळ्यांनी. त्या दोन बलात्कारांबद्दल मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. घाबरलेल्या शहरात अफवा दिवसाला कोसभर वाढते, हे जितकं खरं, तितकंच हेही की अशा गुन्ह्याला अफवेशिवाय बाहेर पडायला दुसरं दार नव्हतं. आणि सगळेच शिपाई तसे नव्हते. पथकांतले कित्येक जण प्लेगनं मेलेल्यांच्या खोल्यांत स्वतःचा जीव धोक्यात घालून शिरत होते, आणि काही पुणेकरांनीच त्यांच्या सौजन्याबद्दल लिहिलं आहे. पण चांगल्या शिपायाच्या उदाहरणानं वाईटाची चौकशी टळते, ही पद्धत लष्करात जुनी आहे.

खुनानंतर चौकशीची दिशाच फिरली. शिपायांनी काय केलं हा प्रश्न मागे पडला आणि रँडला कुणी मारलं हा एकच प्रश्न उरला. जुलैअखेर टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि १४ सप्टेंबरला दीड वर्षाची शिक्षा. नातू बंधूंना १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनखाली, खटल्याशिवाय, डांबून ठेवलं. सोजिरांच्या वागण्याबद्दल समितीकडे सांगणाऱ्या एका माणसाचा शेवट असा झालेला पाहिल्यावर पुण्यात पुढे कोण तक्रार करणार होतं? दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी झाली. त्यांचे भाऊ वासुदेव आणि बाळकृष्ण व साथीदार महादेव रानडे यांना मे १८९९ मध्ये.

पुण्याच्या शून्याची परीक्षा घ्यायची तर दोनच वर्षांनी रंगूनला काय झालं ते पाहावं. एप्रिल १८९९ मध्ये वेस्ट केंट रेजिमेंटच्या शिपायांनी एका ब्रह्मी स्त्रीवर सामूहिक बलात्कार केला. पुण्याशी तुलना करता इथे सगळं होतं: उघड्या जागी घडलेला गुन्हा, पाहणारे लोक, ठाऊक असलेली पलटण. तरी लष्करी अधिकाऱ्यांनी आधी ते दाबलं आणि मुख्य आरोपीला ज्यूरीनं सोडलं. नुकताच आलेला व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन संतापला. त्यानं शिपायांना नोकरीतून काढायला लावलं, अधिकाऱ्यांवर कारवाई करवली आणि अख्खी बटालियन एडनच्या उन्हात पाठवली. कर्झन हा काही हिंदुस्थानी माणसाचा कैवारी नव्हता. पण गोरी ज्यूरी आणि पलटणीतला भाईचारा मिळून काय लपवू शकतात, हे त्यानं सरकारी कागदांवर स्पष्ट लिहिलं. पुण्यात सँडहर्स्टनं त्याचा दशांशही केला नव्हता.

१९०२ मध्ये सियालकोटला नाइन्थ लान्सर्सच्या दोघांनी अटू नावाच्या स्वयंपाक्याला मारहाण केली आणि तो मेला. मरण्याआधी त्यानं हल्लेखोर त्या रेजिमेंटचे होते हे सांगितलं होतं. रेजिमेंटच्या चौकशीत कुणी सापडलं नाही. कर्झननं सबंध रेजिमेंटची रजा बंद केली. हल्लेखोरांची नावं कधीच बाहेर आली नाहीत. जानेवारी १९०३ च्या दिल्ली दरबारात नाइन्थ लान्सर्स घोड्यांवरून गेले तेव्हा गोऱ्या प्रेक्षकांनी, खुद्द कर्झनच्या पाहुण्यांनीही, त्यांच्यासाठी मुद्दाम जोरात जयघोष केला. साम्राज्याचा सर्वोच्च अधिकारी मागे लागूनही इतकंच होऊ शकत होतं. मग सदाशिव पेठेतल्या एका घरातल्या बाईची तक्रार विश्रामबागवाड्यासमोरून कुठवर गेली असती?

पुण्यातली झडती १९ मेला थांबली तेव्हा साथ ओसरली होती, आणि समितीनं त्याचं श्रेय मोहिमेला दिलं. पण उन्हाळ्यात प्लेग बऱ्याच ठिकाणी आपोआप उतरतो. त्याच वर्षी पावसाळ्याअखेर तो पुण्यात परत आला, आधीपेक्षा मोठा. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यानं उंदराच्या पिसवांचा मार्ग दाखवून दिला. माणसं हुडकून रोग थांबत नाही हे मानायला सरकारला आणखी काही वर्षं लागली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत मदनपुऱ्यात एका रुग्ण मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली, माणसं मेली, आणि त्यानंतर सक्तीची धार हळूहळू बोथट केली गेली. हिंदुस्थान सरकारनं नेमलेल्या प्लेग कमिशनच्या अहवालानंतर तर सोजीर लावून घरझडती हा मार्ग सरकारनं जवळपास सोडूनच दिला. बदल झाला तो दंगलीमुळे, हत्येमुळे आणि पिसवेमुळे. एखाद्या शिपायाविरुद्धच्या फिर्यादीमुळे तो झाला नाही, कारण तशी फिर्याद दप्तरात आलीच नव्हती.